हात फारियांचा, निद्रा समोरच्याची

१/
पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झग्यातील एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे ताणून उभा आहे आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कोसळते आहे. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे १९४५ सालचे शिल्प आबे फारियांचे. डिसेंबरात मुंबईच्या उपनगरांतून गोव्यात उतरणारी तरुण मंडळी तिथे हात ताणून, मान टाकून छायाचित्रे काढतात.

२/
शिल्प म्हणून ते प्रभावी आहे. इतिहास म्हणून मात्र त्याने फारियांवर अन्याय केला आहे. माणसाच्या हातांतून शक्ती निघते आणि ती समोरच्याला पाडते, हे मत खोडून काढण्यात त्यांचे उत्तरायुष्य खर्ची पडले. नेमके तेच मत त्यांच्या स्मारकात उभे राहिले. आणि तेच मत आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील स्नेहमेळाव्यांत 'संमोहनाचे प्रात्यक्षिक' म्हणून टाळ्या घेते. हा थ्रेड त्या मताविरुद्ध आहे. 🧵

३/
प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. कोजागिरीची रात्र, सोसायटीची गच्ची, पातेल्यात आटणारे मसाला दूध, सतरंजीवर तीस-चाळीस माणसे. कुणाच्या तरी ओळखीतून आलेला पाहुणा हाती माईक घेतो आणि सर्वांना दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंफायला सांगतो. "आता हात सुटणार नाहीत." बहुतेकांचे सुटतात. चार-पाच जणांचे अडतात. पाहुणा त्यांनाच पुढे बोलावतो.

४/
मग पापण्या जड होतात, मान कलते. एकाला लिंबू आठवून तोंड आंबट करावे लागते, दुसरीला स्वतःचे नाव आठवेनासे होते, तिसरा कांदा सफरचंद म्हणून खातो. शेवटी कुणाला तरी दोन खुर्च्यांवर फळीसारखे आडवे ठेवले जाते. गच्ची हसते, मोबाइल उंचावतात आणि पाहुणा सांगतो, "ही मनःशक्ती आहे." कुणाची, ते तो सांगत नाही. ऐकणारे ती त्याचीच समजतात.

५/
हा गैरसमज सुमारे अडीचशे वर्षांचा आहे. फ्रान्झ आंटोन मेस्मर हा व्हिएन्नाचा वैद्य १७७८ मध्ये पॅरिसला आला. विश्वात एक सूक्ष्म द्रव वाहतो, तो शरीरात अडला की रोग होतो आणि आपण तो हस्तस्पर्शाने, हातांच्या हालचालींनी वळवू शकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. यालाच त्याने 'जैव चुंबकत्व' म्हटले. रुग्णांना झटके येत, रडे फुटे, मूर्च्छा येई आणि अनेकांना बरेही वाटे. पॅरिस वेडे झाले.

६/
१७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गियोतँ होते. मेस्मरने सहकार्य नाकारले, पण त्याचा शिष्य देस्लाँ तयार झाला. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत त्याने जर्दाळूचे एक झाड 'चुंबकित' केले. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकित झाड ते नव्हतेच.

७/
आणखी एका प्रयोगात एका स्त्रीला पेल्यांतून पाणी देण्यात आले. साध्या पाण्याच्या पेल्याने तिला झटका आला आणि 'चुंबकित' पेला ती शांतपणे प्यायली. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता : द्रव नाही, चुंबकत्व नाही, जे घडते ते कल्पनेने घडते. डोळे बांधून, खरे आणि खोटे शेजारी ठेवून केलेल्या या परीक्षा वैज्ञानिक चाचणीच्या इतिहासात आजही आदराने सांगितल्या जातात.

८/
त्याच आयोगाने राजासाठी एक गुप्त अहवालही लिहिला. त्यात द्रवाचा वाद नव्हता. चुंबकीय उपचार करणारा बहुधा पुरुष आणि रुग्ण बहुधा स्त्री असते. त्या अवस्थेत तिचा गैरफायदा घेणे शक्य आहे, असा तो इशारा होता. म्हणजे संमोहनाचे शास्त्र जन्मण्याआधीच संमतीचा प्रश्न विचारला गेला होता. आजच्या स्नेहमेळाव्यात तो कुणी विचारत नाही.

९/
आता फारिया. जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी येथे झाला. उपनगरांतील वाचकांना हा माणूस फार परका वाटू नये. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे सारे साष्टी बेट १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत बार्देशाप्रमाणेच पोर्तुगीज सत्तेखाली होते. त्यांच्या जन्माच्या अवघी एकोणीस वर्षे आधी ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती.

१०/
१७७१ मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला गेला. पुढे रोममध्ये त्याने धर्मशास्त्राची पदवी मिळवली आणि १७८० मध्ये तो धर्मगुरू झाला. गोव्यात एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना तरुण फारियांची वाचा बसली, तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले : ही सगळी भाजी, कातर रे भाजी. भीती गेली आणि प्रवचन रंगले. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण ती टिकून राहिली, यात अर्थ आहे. वडिलांकडे कोणताही द्रव नव्हता, एक वाक्य होते.

११/
१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध पिंतो कट उघडकीस आला, पुढच्याच वर्षी फारिया पॅरिसला आले. राज्यक्रांती त्यांनी जवळून पाहिली, तिच्यात भागही घेतला. नंतर मार्सेय आणि नीम येथे शिकवले. १८१३ मध्ये पॅरिसला परतून त्यांनी क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात संमोहनावर जाहीर व्याख्याने सुरू केली. 'संमोहन' या अर्थाचा शब्द तेव्हा युरोपात रूढ नव्हता. ते त्याला 'सुबोध निद्रा' म्हणत.

१२/
इथे प्रामाणिक राहायला हवे. फारियांचे प्रयोगही तिकीट लावूनच होत, प्रवेशशुल्क पाच फ्रँक. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला 'ब्राह्मण' म्हणवून घेतले. पूर्वेच्या गूढतेला पॅरिसमध्ये भाव होता, हे त्यांना ठाऊक असणारच. निद्रा कुणाला लागते याचा खुलासा करताना त्यांनी रक्ताच्या पातळपणावर भर दिला, तो चुकीचा होता. फारिया संत नव्हते आणि त्यांना तसे करण्याची गरजही नाही.

१३/
मग त्यांचे मोठेपण कशात? पद्धतीत आणि तिच्या स्पष्टीकरणात. ते माणसाला आरामात बसवत, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगत आणि थोड्या वेळाने ठामपणे म्हणत, "झोपा." मेस्मरच्या शिष्यांचे लांबलचक हस्तचालन त्यांनी बाजूला सारले. आणि श्रोत्यांना आधी व्याख्यान देऊन सांगितले की हे माझ्या अंगातून काही निघाल्यामुळे घडत नाही. निद्रेचे कारण निद्रिस्ताच्या ठायी आहे.

१४/
म्हणजे रंगमंचावरच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःची शक्ती नाकारली. हा प्रसंग सध्याच्या कोणत्याही गच्चीवरच्या प्रात्यक्षिकाशेजारी ठेवून पाहावा. १८१३ मध्ये पाच फ्रँक देणाऱ्या पॅरिसकराला जे सांगितले गेले, ते दोन शतकांनंतर वर्गणी भरणाऱ्या मुलुंडकराला सांगितले जात नाही.

१५/
या प्रामाणिकपणाचे फळ काय मिळाले? द्रववाद्यांना ते फितूर वाटले, धर्मनिष्ठांना सैतानाचे साथी. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत डोळे उघडले आणि त्यांचे हसे केले, असे सांगतात. १८१६ मध्ये त्यांच्यावर बेतलेले 'मॅग्नेतिझ्मोमानी' हे प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर आले. श्रोते पांगले. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ छापला गेला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले.

१६/
पुढे ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये त्यांचे नाव वापरले, पण कादंबरीतला कैदी आबे इटालियन केला. नाव जगभर गेले, माणूस आणि त्याचा विचार मागे राहिला. पुतळ्यात कोसळणारी स्त्री, कादंबरीत अंधारकोठडी. ज्याने गूढ उकलले, त्यालाच लोकस्मृतीने गूढ करून टाकले.

१७/
विचार मात्र मेला नाही. १८४१ मध्ये मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड एक चुंबकीय खेळ पाहायला गेला आणि संशय घेऊन परतला. स्वतः प्रयोग करून त्याने द्रव नाकारला आणि 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला. शतकाच्या अखेरीस नान्सी येथील लिएबो आणि बर्नहाइम यांनी 'सूचना' हे संमोहनाचे मर्म ठरवले. बर्नहाइमने फारियांचे श्रेय मान्य केले.

१८/
भारतातही एक मोठे प्रकरण घडले. एप्रिल १८४५ मध्ये हुगळी येथे जेम्स एसडेल या शल्यवैद्याने मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढच्या वर्षी सरकारने त्याला कलकत्त्यात रुग्णालय दिले. तासन्तास हात फिरवण्याचे काम देशी साहाय्यक करत. वेदना खरोखरच कमी झाल्या, पण एसडेलचा विश्वास द्रवावरच राहिला. उपचार उपयोगी आणि स्पष्टीकरण चुकीचे, असे एकाच वेळी असू शकते. इतिहास शिकणाऱ्याने ही गोष्ट गाठीशी बांधावी.

१९/
विसाव्या शतकाने उरलेला पडदाही दूर केला. १९५९ मध्ये वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनक्षमता मोजण्याची स्टॅनफर्ड श्रेणी तयार केली. दिसले ते असे : एकाच सूचनेला माणसे फार वेगवेगळा प्रतिसाद देतात, ही क्षमता बरीचशी स्थिर असते आणि ती ज्याची त्याची असते. गच्चीवरचा बोटे गुंफण्याचा खेळ ही याच श्रेणीची भाबडी आवृत्ती. पाहुण्याने कुणालाही 'वश' केलेले नसते. जे आधीच प्रतिसाद देणारे आहेत, त्यांना त्याने फक्त निवडलेले असते.

२०/
दोन खुर्च्यांवरची फळी? टी. एक्स. बार्बर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की संमोहन नसतानाही सामान्य माणसे तसे राहू शकतात. धोक्याची कामे? ऑर्न आणि इव्हान्स यांच्या १९६५ च्या अभ्यासात संमोहित व्यक्ती विषारी साप धरायला, आम्लातील नाणे काढायला पुढे झाल्या. पण संमोहनाचे केवळ सोंग घेतलेलेही पुढे झाले. प्रयोग करणारे आपल्याला इजा होऊ देणार नाहीत, असा दोघांचाही भरवसा होता.

२१/
तो भरवसा म्हणजेच या विषयाचा गाभा. संमोहनात माणूस मन गमावत नाही. तो समोरच्यावर विसंबतो आणि स्वतःच्या कल्पनेला वाट देतो. त्याला जाणवणारा जडपणा खरा असू शकतो. पण भोवताली माणसे जमली की त्यात आणखी एक गोष्ट मिसळते : सर्वांदेखत नकार देण्याचा संकोच.

२२/
म्हणून पुढे कोण बोलावले जाते, हे पाहावे. लग्न होऊन चार महिने झालेली सून, सासूसमोर. अंधेरीच्या कार्यालयातील प्रशिक्षणार्थी, साहेबांसमोर. शाळकरी मुलगा, साऱ्या इमारतीसमोर. या तिघांपैकी कुणाला "मला काहीच होत नाही, मी जागेवर जातो" असे म्हणता येईल? १७८४ च्या गुप्त अहवालातील भीती पॅरिसपुरती नव्हती. अधिकार एकीकडे आणि नजर चुकवण्याची सक्ती दुसरीकडे असेल, तिथे ती लागू पडते.

२३/
"गंमत असते, त्यात एवढे काय?" हा नेहमीचा आक्षेप. गंमत ज्याची होते, त्याला दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःचा कांदा खातानाचा व्हिडिओ दिसतो. आता तो काय सांगणार? सोंग होते म्हटले तर खोटारडा, खरे होते म्हटले तर दुबळ्या मनाचा. दोन्ही ठपके चुकीचे आहेत. चांगला प्रतिसाद देणे ही कल्पनाशक्तीची आणि एकाग्रतेची खूण आहे. पण हे सांगायला पाहुणा थांबलेला नसतो.

२४/
"लोक स्वतःहून पुढे येतात," हा दुसरा आक्षेप. संमती म्हणजे काय घडणार आहे हे कळल्यावर दिलेला होकार. आपल्याला झोप 'लावली' जाणार, असे ज्याला वाटते, त्याने होकार दिला आहे तो एका मिथकाला. ब्रिटनने १९५२ मध्येच कायदा करून करमणुकीच्या जाहीर संमोहन-प्रयोगांना स्थानिक प्रशासनाच्या परवानगीच्या कक्षेत आणले आणि ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना वयाची अट घातली. घरगुती मेळाव्यात कायदा पोहोचणार नाही. तिथे विवेकच हवा.

२५/
सर्वांत धोकादायक वळण असते 'पूर्वजन्मा'चे. १९५२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोत एका गृहिणीने संमोहनाखाली आपण आयर्लंडची ब्रायडी मर्फी असल्याचे सांगितले. १९५६ चे पुस्तक प्रचंड खपले, पण त्या आयुष्याला पुष्टी देणारी जन्म-मृत्यूची नोंद सापडली नाही. आपल्याकडे २००९ मध्ये दूरचित्रवाणीवर 'राज़ पिछले जनम का' आले आणि तो खेळ घराघरांत शिरला.

२६/
१९८५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने बजावले होते की संमोहनाने जागवलेल्या स्मृती साध्या स्मृतींहून अधिक विश्वसनीय नसतात. त्यांत चुका मिसळतात आणि सांगणाऱ्याची खात्री मात्र वाढते. मग जिची आई नुकतीच वारली आहे, अशा मुलीला मित्रमंडळींच्या घोळक्यात "मागे जा, कोण दिसते?" असे विचारणे ही करमणूक नव्हे. जो घाव उघडायचा आणि शिवायचा नाही, त्याला खेळ म्हणू नये.

२७/
"हे सारे आपल्याच पूर्वजांचे ज्ञान, फारियांनी ते पॅरिसला नेले," असा अभिमानी दावाही होतो. फारियांनी गोवा सोडला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. चुंबकवादाशी त्यांचा परिचय फ्रान्समध्ये झाला आणि त्यांनी आपला ग्रंथ प्युइसेगुर या फ्रेंच चुंबकवाद्याला अर्पण केला. अभिमान हवाच असेल, तर तो या गोष्टीचा असावा की एका कांदोळकराने युरोपच्या मध्यभागी उभे राहून युरोपचाच भ्रम युरोपला दाखवला.

२८/
म्हणून संमोहन हे थोतांड, असा निष्कर्ष काढणेही तितकेच चूक. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या व्होरवेल यांनी आतड्याच्या हट्टी विकारावर संमोहनाचा उपयोग चाचणीतून दाखवला. १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सूचनेने वेदनेचा त्रासदायकपणा बदलतो आणि मेंदूतील संबंधित भागाची क्रियाही बदलते. प्रशिक्षित हातात हे उपयुक्त साधन आहे. म्हणूनच त्याची जत्रा होऊ नये.

२९/
मग मेळाव्यात प्रात्यक्षिक करूच नये? करावे, पण महाराष्ट्राने घालून दिलेल्या रीतीने. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जिभेवर जळता कापूर ठेवतात, नारळातून ज्वाळा काढतात आणि लगेच युक्ती उलगडून दाखवतात. चमत्कार करणारा तिथेच स्वतःला सामान्य माणूस म्हणून जाहीर करतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली; ही रीत थांबली नाही.

३०/
संमोहनालाही हाच नियम लागू व्हावा. आरंभीच सांगावे की शक्ती करणाऱ्याची नाही, अनुभवणाऱ्याची आहे. कुणीही केव्हाही डोळे उघडून जागेवर जाऊ शकतो, हे सांगावे आणि जो जाईल त्याचा मान राखावा. मुलांना पुढे बोलावू नये. स्मृती, शोक, पूर्वजन्म यांना हात लावू नये. परवानगीविना चित्रण नको. आणि शेवटी, प्रत्येक गोष्ट कशी घडली ते उलगडून सांगावे.

३१/
एवढे केल्यावर खेळ फिका पडेल, अशी भीती ज्याला वाटते, त्याने ओळखावे की त्याचा खेळ संमोहनाचा नव्हताच, अज्ञानाचा होता. स्वतःच्या मनात एका शब्दाने हात जड होतो आणि नसलेले लिंबू जिभेला आंबट लागते, हा अनुभव युक्ती कळल्यावर अधिकच थक्क करतो. कारण तेव्हा तो स्वतःचा होतो.

३२/
पुढच्या खेपेस पणजीत त्या पुतळ्यापाशी उभे राहणाऱ्याने फारियांच्या ताणलेल्या हातांकडे पाहावेच, पण क्षणभर नजर खाली, त्या स्त्रीकडेही वळवावी. शिल्पात तिला नाव नाही. त्या निद्रेचे कारण तिच्या ठायी होते, हे सांगण्यासाठी फारियांनी पॅरिसचे हसू सोसले. छायाचित्र काढताना कुणीतरी तिची पोझ घेतेच. ती घेणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे. (समाप्त)